जळगाव–धुळे, कॅलगरीमार्गे

आमच्या खान्देशात लेक आखाजीला माहेरी येत नाही, तिला आणावं लागतं. आखाजी म्हणजे पंचांगातली अक्षय्य तृतीया. त्या सणाला माहेरचा माणूस लेकीच्या सासरी जातो, विहिणीच्या हातचा चहा पितो, चहासोबत मिळतील तेवढे टोमणे गिळतो आणि लेकीला मानाने घेऊन येतो. या माणसाला मुराळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ, नसला तर बाप, तोही नसला तर शेजारचं एखादं शहाणं पोरगं. पण मुराळी गेला पाहिजे. मुराळ्याशिवाय एकटीच पिशवी घेऊन आलेली लेक आमच्या गल्लीने एकदाच बघितली. त्यावर बायका अजून बोलतात, आणि त्या लेकीला आता नातवंडं झाली आहेत.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दापायी झाला. माझा त्यात काडीचाही दोष नाही.

मी प्रेमराज बोरसे. मला सगळे नाना म्हणतात. जळगाव स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून जो माणूस माइकवर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणतो आणि ज्याच्याकडे कोणीही लक्ष देत नाही, तो मी होतो. एसटीच्या भाषेत वाहतूक नियंत्रक. गाडी उशिरा का, असं विचारत माणसं खिडकीशी आली की मी सांगायचो, 'तांत्रिक कारणामुळे.' हे उत्तर इतकं गुणी आहे की निवृत्तीनंतरही मी ते घरात चालवतो. दूध का आणलं नाही? तांत्रिक कारणामुळे. या दोन शब्दांवर आमच्या सौ. दिपमाला लग्नापासून जळत आल्या आहेत. त्यात आखाजी म्हणजे एसटीची सुगी. जादा गाड्या, रजा बंद. अख्ख्या जिल्ह्याच्या मुराळ्यांना मी फलाट दिले, पण स्वतः कधी मुराळी झालो नाही.

आमची एकुलती एक लेक मोनाली धुळ्याला दिली, तेव्हा गल्ली म्हणाली, नशीब काढलं, अडीच तासांवर पडली. वर्षाच्या आत जावईबापू तिला घेऊन कॅनडातल्या कॅलगरीला गेले. तिथेच मुक्ता झाली. नात तीन वर्षांची झाली, पण आजीने तिला अजून हात लावलेला नाही. दिपमाला तिला मोबाइलवरूनच भरवते. वरणभाताचा घास पडद्यापाशी नेते, तिकडे मुक्ता आऽ करते, आणि मग तो घास मी खातो. वजन माझं वाढलं आहे.

यंदा फेब्रुवारीत दिपमालाने जाहीर केलं, "आखाजीला मोनाली आणि मुक्ता या घरात पाहिजेत. निंबाला झोका बांधीन तर मुक्तासाठी. नाहीतर यंदा झोकाच नाही." आमच्या अंगणातल्या निंबाला ती दर आखाजीला झोका बांधते आणि गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी त्यावर बसून जातात. चार वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकींना झोके देत होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मोनाली फोनवर म्हणाली, "नाना, मला काय यायचं नाही का? पण तिकिटं बघितलीत? जरा परवडणारं मिळालं, तर सुट्टी टाकते."

"तू नको बघू," मी म्हणालो. "मी बघतो. अख्खा खान्देश मी हलवलाय. एक विमान हलवायला काय लागतं?"

ही बातमी गल्लीत गेली आणि सल्ले यायला लागले. पहिले आले हिलालभाऊ. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि साडूचा मुलगा टेक्सासला असल्यामुळे उत्तर अमेरिका त्यांच्याकडे दत्तक आहे.

"नाना, तिकीट मंगळवारी काढायचं. आणि सारखं सारखं बघायचं नाही. त्या साइटला कळतं. गरजू माणूस दिसला की भाव चढवते. आपण भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं आणि उठून जायचं."

मी तेही केलं. रोज भाव विचारायचो, मोबाइल पालथा घालायचो आणि अंगणात एक चक्कर मारून यायचो. भाजीवालीवर हा उपाय हमखास चालतो. मोबाइलवर चालला नाही. परत यावं तर भाव उलटा चढलेला असे, आणि दिपमाला विचारी की हे दुपारच्या उन्हात काय चाललंय.

दुसरे आले अभिमन आबा. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि गल्लीतल्या रीतीभातींचे सरन्यायाधीश. उतरायचं कुठे, हा प्रश्न त्यांनी हातात घेतला. नकाशा अंथरला, जळगाववर कंपासचं टोक रोवलं आणि गोल फिरवला. मुंबई, सुरत, इंदूर, नागपूर, सगळी विमानतळं थोडंफार इकडेतिकडे त्या गोलावर आली.

"बघा नाना! आपण सगळ्यांच्या मधोमध आहोत," आबा अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांपासून सारखेच लांब आहोत," आतून दिपमाला म्हणाली.

"आपल्या जळगावला पण विमानतळ शे ना," हिलालभाऊंना आठवलं. आहे. पण कॅलगरीची गाडी अजून तिथे लागत नाही.

मग आठ दिवस आमच्या ओट्यावर सुरत पार्टी आणि इंदूर पार्टी अशा दोन पार्ट्या झाल्या. सुरत पार्टीचं म्हणणं, येता येता साड्या होतील. इंदूर पार्टीचं म्हणणं, पोह्यांसारखा नाश्ता जगात नाही. कॅनडाहून तीन वर्षांचं लेकरू घेऊन येणाऱ्या बाईला साडी आधी लागेल की पोहे, यावर एकदा बोलाचाली झाली आणि दोन दिवस हिलालभाऊंनी आबांच्या घरावरून जाणं सोडलं. शेवटी मुंबई ठरली. मोनालीने पहिल्याच दिवशी मुंबई म्हटलं होतं, पण लोकशाहीत असं पहिल्या दिवशी काही ठरवता येत नाही.

एका मंगळवारी दुपारी जेवण करून मी तिकिटाला बसलो. एक विमान फारच स्वस्त निघालं. मध्ये कुठल्याशा परक्या गावी अकरा तासांचा थांबा होता. अकरा तास! आमच्याकडे एरंडोलला चहाला दहा मिनिटं गाडी थांबली तरी लोक वाहकाच्या नावाने शंख करतात. पण थांबा मोठा म्हणून भाडं कमी, हे मला लगेच पटलं. पुढचं सगळं माझ्या हातचा मळ होता. कुठून? मुंबई. कुठे? कॅलगरी. जायची तारीख, यायची तारीख, मध्ये एका रात्रीचा मुक्काम. प्रवासी किती? मुक्ता तीन वर्षांची, म्हणजे पाचच्या आतली, तिचा प्रश्नच नव्हता. एक प्रवासी. नाव तर मोबाइलने आपलं आपणच भरलं. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात विज्ञान! खाली बारीक अक्षरांत 'परतावा मिळणार नाही' असं होतं. परतावा मागणाऱ्यांतले आम्ही नव्हतोच. एसीसाठी बाजूला ठेवलेले पैसे भरून टाकले. जळगावात उन्हाळ्याच्या तोंडावर एसीवर पाणी सोडणं काय असतं ते जळगावकरालाच विचारा, पण दिपमालाने हूं की चूं केलं नाही.

तिकीट मोनालीला पाठवलं आणि गल्लीच्या ग्रुपवरही टाकलं. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा अंगण भरलं होतं. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"नाना, तिकीट बघितलं."

"कसं आहे?" मी आवाज चढवला, म्हणजे सुरत पार्टीला नीट ऐकू जावं.

"छान आहे. पण नाना, हे मुंबईहून कॅलगरीला आहे."

"हो. आणि परत मुंबई. येऊन-जाऊन काढलंय."

"पण नाना, मी कॅलगरीत आहे."

सुरत पार्टीने इंदूर पार्टीकडे बघितलं. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? जो माणूस आयुष्यभर जळगाव स्टँडवर बसला, त्याच्या लेखी जगातली प्रत्येक गाडी आपण बसलो तिथून सुटते आणि तिथेच परत येते. गाड्या दुसरीकडूनही सुटतात, हे मला ऐकून माहीत होतं.

"आणि मुक्ताचं तिकीट कुठेय?"

"पाचच्या आतल्या मुलाला लागत नाही."

"ते एसटीत, नाना!" मोनाली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "अजून एक आहे. प्रवाशाचं नाव प्रेमराज बोरसे आहे."

हिलालभाऊ खोकले. आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दिपमाला बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही स्वतः मुराळी चाललात?"

तिचा चेहरा असा उजळला होता की तो शब्द माझ्या घशातच राहिला. लग्नात सुद्धा माझ्याकडे बघून तिचा चेहरा इतका उजळला नव्हता. फोटो आहेत, बघून घ्या.

"मग काय!" मी म्हणालो. "लेक आणायची तर मुराळी नको? तुमचं आपलं काहीतरीच."

फोनवर मोनालीने नाक ओढलं. मग तिचा आवाज आला, तो जरा भिजलेला होता. "नाना, खरंच येताय? मला मुक्ताला घेऊन एकटीने एवढा प्रवास करायची भीती वाटत होती, म्हणून मी पुढे पुढे ढकलत होते. तुम्ही असलात तर आम्ही दोघी तुमच्याच विमानाने येऊ. तुमचा व्हिसा झाला की आमची तिकिटं मी काढते."

मागून मुक्ताने विचारलं, "हू इज कमिंग?" मोनाली म्हणाली, "मुराळी येतोय, बेटा, मुराळी." तेव्हापासून मुक्ता रोज फोनवर विचारायला लागली, "मुराळी कधी येनार?" मुराळी हे माझं नाव आहे, असं तिने धरून टाकलं.

आता माघार घ्यायला जागा नव्हती. दोन दिवसांत अभिमन आबांनी मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवला. टोपी, उपरणं, नारळ. भाषणात ते म्हणाले, मुराळी आजवर बैलगाडीने गेला, एसटीने गेला, पण सात समुद्र ओलांडून जाणारा हा पहिलाच. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, विमान, आणि माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत हिलालभाऊंच्या दुकानाचा पत्ता. या गर्दीत माझ्याकडे पासपोर्ट नाही ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

फ्लेक्सचा फोटो धुळ्याला पोचायला किती वेळ लागणार? विहीणबाईंचा, कोकिळाबाईंचा फोन आला. या बाई एरवी माझ्याशी शुद्ध बोलतात. अहिराणीवर उतरल्या की समजावं, काही खरं नाही.

"नाना, मोनाली मन्ही सून शे का नही?"

"आहे ना, ताई."

"मंग मुराळी मले न इचारता कसा निंघना? सासर धुयाले शे. कॅनडाले पोरगा नोकरी करस, सासर नही करत! बठ्ठा गावले समजनं, आनि मी फोनवर फोटो देखू?"

यावर आमच्या ओट्यावर रीतसर चर्चा झाली. नवरा-बायको राहतात ते सासर, की सासू राहते ते? आबांनी निकाल दिला की सासू तेच सासर. म्हणून मी आधी धुळ्याला जाऊन परवानगी मागायची, मग कॅनडाला जायचं. मी गेलो. बाईंनी चहा दिला, टोमणे दिले, आणि निघताना नातीसाठी शेवेची पिशवीही दिली. "न्या," म्हणाल्या, "पण ध्यानात ऱ्हाऊ द्या, मुराळी मन्ही परवानगी लीसन चालना."

मग पासपोर्ट. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव आहे पेमराज, कारण हेडमास्तरांनी गावात ऐकलं तसं लिहिलं. आधारवर प्रेमराज. पेन्शनच्या कागदावर प्रेमराव. खिडकीवरच्या मुलीने तिन्ही कागद समोर मांडले आणि अदबीने विचारलं, "काका, यातले तुम्ही कोण?" पासष्टीला आलेल्या माणसाला हा प्रश्न असा चारचौघांत विचारू नये. मी तहसील कचेरीत जाऊन, स्टँपपेपरवर, मी मीच आहे असं शपथेवर लिहून आणलं. दिपमालाने ते वाचून म्हटलं, "हे लिहून द्यायला एवढे दिवस लागले?"

पुढे चौकशीला पोलीस हवालदार घरी आले. शेजाऱ्यांची साक्ष हवी होती. हिलालभाऊ धावत आले.

"साहेब, देवमाणूस शे. परदेशात पळून जाणार नाही याची मी गॅरंटी घेतो."

हवालदारांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पळून जायचा काही विषय आहे का?"

"नाही, नाही! घरात तसं काहीच नाही. बायको थोडी तापट आहे, पण तेवढं चालतंच."

हवालदार आणखी अर्धा तास बसले. दिपमालाने त्यांना दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा हिलालभाऊंना दिला नाही. तरी पासपोर्ट आला. फोटोत मी घाबरलेला दिसतो, पण तो मीच आहे. माझ्याकडे स्टँपपेपर आहे.

राहिला व्हिसा. त्याचा फॉर्म भरून देणारा एक मुलगा नवीपेठेत बसतो. टाय लावतो, त्या उन्हात.

"काका, भेटीचं कारण? फिरायला, धंदा, की नातेवाइकांकडे?"

"मुराळी."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. तो पोरगा कोल्हापूरकडचा निघाला. त्याने 'नातेवाइकांकडे' असं टाकलं.

"तिथे राहणार किती दिवस?"

"एक रात्र. मुराळ्याने लेकीच्या घरी पाय पसरून राहू नये. चहा घ्यायचा, लेक घ्यायची, निघायचं."

"काका, एका रात्रीसाठी कॅनडाला कोणी जात नाही. त्या साहेबाला वेगळाच संशय येईल. पंधरा दिवस लिहू?"

"तिकीट एका रात्रीचं आहे. आणि मी खोटं लिहीत नसतो."

"बरं. मग तुम्ही तिथेच राहून जाणार नाही, इकडे परत याल, याचा पुरावा काय देऊ?"

"आखाजी इकडे आहे ना!" मी ओरडलोच. "तिकडे राहून मी काय करू? आमरस इकडे, बायको इकडे."

त्याने ते इंग्रजीत कसं लिहिलं कोण जाणे. मी मुंबईला जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन आलो आणि वाट बघत बसलो. इकडे एप्रिल लागला. दिपमालाने सांजोऱ्यांचा रवा आणला. माळ्यावरचा झोक्याचा दोर काढून उन्हात टाकला. मुक्ताच्या मापाची एक पाटी सुताराकडून रंधून घेतली, म्हणजे तिला दोर टोचायला नको.

आखाजीला दहा-बारा दिवस असताना उत्तर आलं. नाही. टायवाल्या मुलाने वाचून दाखवलं: भेटीचं कारण साहेबाला पटलं नाही, आणि अर्जदार मुदतीत परत जाईल याची त्याला खात्री वाटत नाही.

मी परत येणार नाही! ज्या माणसाने मुक्कामी गेलेली एकही गाडी कधी परत आल्यावाचून राहू दिली नाही, तो परत येणार नाही! मी त्या मुलासमोर बरंच बोललो. त्याने पाणी दिलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा दिपमाला काहीच बोलली नाही. तिने तोंड सोडलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा निदान 'तांत्रिक कारण' तरी म्हणता आलं असतं. तिने निंबाखालून दोर उचलला, गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. पाटी दाराआड उभी केली. मला फार वाईट वाटलं. स्वस्ताच्या नादाला लागून मी ज्या बाईचा एसी घालवला, तिची आखाजीही घालवली होती, आणि वर सत्कार करून घेतला होता.

मोनाली म्हणाली, "जाऊ द्या नाना. पुढच्या वर्षी बघू." मागून मुक्ता विचारत होती, "मुराळी कधी येनार?" मोनालीने फोन ठेवला.

त्या दिवशी धुळ्याला मी मुद्दामच फोन केला नाही. पण ग्रुप होता. दुपारीच कोकिळाबाईंचा फोन.

"नाना, खरं शे का? मुराळीले आडायं?"

"हो ताई. परत येईन असं वाटत नाही म्हणे."

"कोन शे तो? नाव सांगा मले त्याचं."

"साहेब आहे, ताई. नाव लिहीत नाहीत ते."

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "नाना, तुम्ही मन्हा घरमाईन परवानगी लीसन निंघनात. मुराळी निंघना ना, का नही?"

"निघालो होतो खरा."

"मंग? निंघेल मुराळी सासरना दारहून रिकाम्या हाते परत जास का कधी? मन्हा घरनी सात पिढीमा असं व्हयेल नही. लोक तुम्हले नही, मले हासतीन." आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर त्यांनी मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. जावईबापू नंतर एवढंच म्हणाले की आई अर्धा तास अहिराणीत बोलत होती. संध्याकाळी त्यांनी तीन तिकिटं काढली, स्वतःचंही. कमी थांब्यांची, चांगल्या वेळेची आणि अव्वाच्या सव्वा भावाची. स्वस्त-महाग हा शब्द कोणी काढला नाही. ज्या कामासाठी मी दोन महिने मोबाइल पालथा घालत होतो, ते विहीणबाईंनी एका फोनवर केलं. माझं विमान ठरल्या दिवशी माझी जागा रिकामी घेऊन कॅलगरीला गेलं आणि रिकामीच घेऊन परत आलं. आमच्या खात्यात याला रिकामी फेरी म्हणतात आणि नियंत्रकाला त्याचा खुलासा द्यावा लागतो.

मंडळी मुंबईहून थेट धुळ्याला उतरली, कारण सासू तेच सासर. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी मी, प्रेमराज उर्फ पेमराज उर्फ प्रेमराव, डोक्याला सत्काराची टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा, असा सकाळच्या लाल गाडीने धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे. एवढा लांबचा प्रवास मी आयुष्यात केला नव्हता. दोन महिने चालला होता तो.

कोकिळाबाई दारातच उभ्या होत्या. मला बघून त्यांनी गल्लीकडे तोंड केलं आणि शेजारणीला हाक मारली, "मुराळी उना व!" अशा आवाजात, की आमच्या स्टँडवरचा माइक शरमेने बंद पडावा. आतून एक चिमुरडी पळत आली आणि माझ्या पायाशी ब्रेक लावून उभी राहिली. वर बघत म्हणाली, "यू आर मुराळी?"

"हो," मी म्हणालो. चहा आला. टोमणे आले, "तुम्हना भरोसावर ऱ्हायतो तं पोर अजून बरफमा ऱ्हायती," वगैरे. मी सगळे गिळले. इतके गोड टोमणे मी खाल्ले नव्हते.

जावईबापू दुसऱ्या दिवशी येणार होते. मी मोनालीला आणि मुक्ताला घेऊन दुपारच्या गाडीत बसलो. वाहक आला. त्याने मुक्ताकडे बघितलं आणि म्हणाला, "नाना, पोरीचं तिकीट नाही. पाचच्या आतली आहे."

मी मोनालीकडे बघितलं. "ऐकलंस?"

ती हसायला लागली, ती पारोळ्यापर्यंत हसत होती. तिथे गाडीचं काहीतरी गरम झालं म्हणून चालकाने पाणी टाकलं. मुक्ता माझ्या मांडीवर घामाघूम होऊन झोपली. ऊन असं होतं की खिडकीची पट्टी धरवत नव्हती.

जळगाव स्टँडवर गाडी वळली आणि काचेच्या खोलीतून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धुळ्याहून येणारी गाडी फलाटावर येत आहे." ही घोषणा मी किती वेळा केली असेल देव जाणे. खरंच लक्ष देऊन ती मी आज पहिल्यांदा ऐकली.

दिपमाला फलाटावरच उभी होती. कधीची, ते तिच्या चेहऱ्याच्या रंगावरून कळत होतं. हातात डबा, पदर डोक्यावर. झोका आज सकाळीच बांधला, असं हिलालभाऊंनी मला गाडीत फोन करून सांगितलं होतं. पाटी बसवायला ते आणि आबा दोघेही गेले होते आणि तिथेही त्यांचं भांडण झालं होतं. मी झोपलेली मुक्ता खांद्यावर घेऊन उतरलो.

"एवढा उशीर?" दिपमालाने विचारलं. ती बघत होती मुक्ताकडे.

"तांत्रिक कारणामुळे," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा ती त्या शब्दांना हसली. हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला, मग मोनालीला जवळ ओढलं, आणि दोघींचं काय चाललंय ते दोघींनाच ठाऊक. त्या आवाजाने मुक्ता जागी झाली. समोर आजी बघितली आणि सवयीने, अर्धवट झोपेतच, तिने आऽ केलं.

दिपमालाने तिथेच फलाटावर डबा उघडला. सांजोरीचा तुकडा मोडला आणि हात पुढे केला. तो नेहमीसारखा मध्येच थांबला, पडद्यापाशी थांबायचा तसा. पडदा नव्हता. मुक्ताच्या तोंडात घास गेला.

सवयीने मीही थोडा पुढे झालो होतो, तोंडही उघडलं होतं. पण माझ्याकडे कोणीही लक्ष दिलं नाही.